शून्य हे उत्तर नव्हे

“गेस्टने भलत्याच पत्त्यावर हात घातला, तर गेस्टचे गेस्ट बघून घेईल. होस्टने त्यात पडायचे कारण नाही.” हे मत मी रायपुरात सर्व्हर सांभाळणाऱ्या जाणत्या माणसांकडून ऐकतो, अभियांत्रिकीच्या शिक्षकांकडून ऐकतो, आणि अलीकडे तर प्रशिक्षणाच्या वर्गात ते नियम म्हणून शिकवले जाताना ऐकले. मांडणारे अनुभवी आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हे मत चुकीचे आहे आणि त्याची किंमत ते मांडणाऱ्यांना सोडून तिसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करतो.

वाद नेमका कुठे आहे, ते आधी सांगायला हवे. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे यंत्र. खरे यंत्र तो होस्ट, आत चालणारी प्रणाली तो गेस्ट. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेले, यंत्राची आणि उपकरणांची नक्कल करणारे क्यूएमू आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत दाखल झालेले केव्हीएम, या जोडीवर आज जगभरच्या क्लाउडचा मोठा भाग उभा आहे. गेस्टला पत्त्यांचा एक नकाशा दिलेला असतो. त्यातल्या काही पत्त्यांमागे खरी रॅम असते, काहींच्या मागे सॉफ्टवेअरने नक्कल केलेली डिस्क, नेटवर्क कार्ड, सीरियल पोर्ट अशी उपकरणे असतात, आणि उरलेल्यांच्या मागे काहीही नसते. रॅमशी होणारा व्यवहार प्रोसेसर आपल्या तक्त्यांतून परस्पर उरकतो, होस्टच्या सॉफ्टवेअरला त्याची खबरही लागत नाही. गेस्टमधल्या एखाद्या प्रोग्रॅमचा पॉइंटर भरकटला आणि तो प्रोग्रॅम कोसळला, तर तो मामला गेस्टच्या कर्नलचा. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. प्रश्न येतो तो उपकरणांच्या आणि रिकाम्या पत्त्यांच्या बाबतीत. तिथला प्रत्येक व्यवहार होस्टच्या सॉफ्टवेअरच्या हातात येतो. पत्ता रिकामा आहे, किंवा उपकरणाला एका वेळी चारच बाइट चालतात आणि गेस्टने एक मागितला, हे त्या सॉफ्टवेअरला त्या क्षणी कळलेले असते.

कळल्यावर त्याच्यापुढे वाटा तीन. वाचन असेल तर शून्य परत करायचे, लेखन असेल तर ते गिळायचे आणि काही झालेच नाही असे समजून पुढे जायचे. किंवा सगळे मशीनच बंद पाडायचे. किंवा काय घडले ते सांगायचे: कोणत्या पत्त्यावर, किती बाइट, वाचन की लेखन, आणि का नाकारले. पहिली वाट सोयीची म्हणून रूढ झाली, दुसरी आळसातून आली. तिसरी बरोबर आहे, आणि आपल्याकडे तिलाच ‘लॉगमधला कचरा’ म्हणतात.

पहिल्या वाटेपासून सुरुवात करतो, कारण तिचे नुकसान सगळ्यात लपून राहते. आर्म प्रोसेसरवर थेट प्रोग्रॅम लिहायला शिकणारी मुले क्यूएमूतला ‘व्हर्साटाइल पीबी’ हा जुना बोर्ड वापरतात. पहिला पाठ ठरलेला: सीरियल पोर्टवर एक अक्षर उमटवायचे. त्यासाठी आधी पोर्टचे स्थितिदर्शक रजिस्टर वाचायचे. त्यात ‘रांग भरली आहे’ असे सांगणारा एक बिट असतो. तो एक असेपर्यंत थांबायचे, शून्य झाला की डेटा रजिस्टरमध्ये अक्षर लिहायचे. आता समजा, पोर्टचा पत्ता लिहिताना विद्यार्थ्याचा एक आकडा चुकला. त्या चुकीच्या पत्त्यावर बोर्डात काहीच नाही. क्यूएमू वाचनाला शून्य देते. शून्य म्हणजे रांग रिकामी, खुशाल पाठवा. प्रोग्रॅम अक्षर लिहितो, क्यूएमू ते गिळते. पुन्हा वाचन, पुन्हा शून्य, पुन्हा लेखन. सगळे वाक्य ‘पाठवून’ होते, प्रोग्रॅम शेवटपर्यंत पोचतो, कुठेही त्रुटी नाही. पडदा मात्र कोरा. मग मूल कंपायलरवर संशय घेते, लिंकर स्क्रिप्ट उलटीपालटी करते, स्टॅकची जागा बदलते. खऱ्या बोर्डावर असते तर पहिल्याच वाचनाला प्रोसेसरने अपवाद उठवला असता आणि चुकीच्या ओळीवर बोट ठेवले असते. इथे नकली यंत्राने दिलेले शून्य केवळ निरुपयोगी नाही. ते ‘सर्व ठीक’ असे खोटे उत्तर आहे. पोस्टमनला पत्ता सापडला नाही तर तो पत्रावर तसा शेरा मारून परत पाठवतो. पत्र नाल्यात टाकून पोचल्याची पावती देत नाही.

क्यूएमूच्या विकासकांना ही उणीव दिसत होती. एके काळी नकली उपकरणाच्या वाचन-फंक्शनला फक्त एक संख्या परत करता येत असे. व्यवहार फसला हे सांगायची सोयच नव्हती. २०१५ मध्ये प्रत्येक व्यवहाराला निकाल जोडता येऊ लागला: पार पडला, उपकरणाने नाकारला, की त्या पत्त्यावर कुणी नव्हतेच. २०१७ मध्ये आर्मसाठी पुढचे पाऊल पडले. रिकाम्या पत्त्यावर हात पडला की गेस्टला खऱ्या प्रोसेसरसारखा अपवाद मिळावा, असे ठरले. पण जुन्या बोर्डांतली कित्येक उपकरणे क्यूएमूने कधी बनवलीच नव्हती. त्यांच्यावर चालणारे गेस्ट त्या न बनवलेल्या उपकरणांना चाचपत होते, शून्य मिळत होते, आणि गाडी कशीबशी पुढे सरकत होती. अपवाद सुरू केला असता तर ते सारे एका रात्रीत कोसळले असते. म्हणून जवळजवळ सगळ्या आर्म बोर्डांना सवलत दिली गेली: यांच्यावर मेमरी-व्यवहाराचे अपयश दुर्लक्षित करावे. ‘व्हर्ट’ आणि ‘एमपीएस२’ हे बोर्ड सवलतीतून वगळले. सवलतीच्या शेजारी कोडमध्ये बजावलेही आहे की ही फक्त जुन्या बोर्डांसाठी आहे; नव्याने लिहिणाऱ्याने जे उपकरण बनवले नसेल त्या जागी ‘न बनवलेले उपकरण’ अशी खूण ठेवावी. त्या खुणेला गेस्टने हात लावला की तशी नोंद करता येते.

माझ्याशी वाद घालणारे या सवलतीकडे पुरावा म्हणून बोट दाखवतात: बघा, शून्य देणे हा क्यूएमूचा अधिकृत मार्ग आहे. मला त्यात नेमके उलटे दिसते. ज्यांनी ही सवलत लिहिली त्यांनीच तिला जुन्याची अडचण म्हटले आणि नव्यांना तिच्यापासून दूर राहायला सांगितले. नाइलाज म्हणून ठेवलेल्या गोष्टीला तत्त्व म्हणून शिकवणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

दुसरा मुद्दा नेहमी असा येतो की खरे हार्डवेअरही गप्पच असते, मग नकलेने बोलके का व्हावे? हे अर्धेच खरे आहे. पीसीआय बसवर जिथे कुणी नाही तिथे वाचन केले तर सगळे बिट एक असलेली संख्या मिळते, हे बरोबर. पण ती संख्या ठरलेली आहे आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना ती ओळखता येते. लिनक्सचे ड्रायव्हर तिच्यावरूनच कार्ड निघून गेल्याचे ताडतात. शिवाय पीसीआय एक्स्प्रेसमध्ये नाकारलेल्या विनंतीची नोंद ठेवणारी रजिस्टरे असतात, आणि लिनक्स ती वाचून लॉगमध्ये लिहितो. आर्म अपवाद उठवतो. रॅममध्ये न सुधारता येणारा बिघाड झाला तर इंटेल-एएमडीचे प्रोसेसर मशीन चेक उठवतात. हार्डवेअर बनवणाऱ्यांनी चूक सांगण्यासाठी चिपवर जागा खर्च केली, सिलिकॉन खर्च केले. नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला तर एक ओळ लिहायची आहे.

ती ओळ लिहिण्याची सोयही आहे. क्यूएमूत २०१२ पासून ‘गेस्ट एरर्स’ नावाचा लॉगचा वर्ग आहे. २०२४ पर्यंत तो चालू केला की रिकाम्या पत्त्यावरचे वाचन असे नोंदले जाई (आता या नोंदींना वेगळा वर्ग आहे, त्याबद्दल पुढे): अमुक पत्त्यावर अवैध वाचन, आकार ४, प्रदेश ‘नल’, कारण ‘रिजेक्टेड’. प्रदेशाच्या जागी ‘नल’ म्हणजे त्या पत्त्यामागे कुठलेही उपकरण नाही. आकार चुकला असेल तर कारणात तसे येते, आणि उपकरणाला किमान किती व कमाल किती बाइट चालतात तेही येते. वरच्या विद्यार्थ्याला ही एक ओळ मिळाली असती तर त्याची संध्याकाळ वाचली असती. पण हा वर्ग मुळात बंद असतो. चालू करायला तो आहे हे ठाऊक असावे लागते, आणि ठाऊक करून देणे ज्यांचे काम, तेच ‘कचरा’ म्हणून त्याच्यावर फुली मारतात.

आता कचऱ्याचा आक्षेप. सगळ्यांत वजनदार हाच आहे, आणि तो मी सोडून देणार नाही. म्हणणे असे: गेस्ट हा परका आहे, कदाचित वैरीही. त्याने एका सेकंदात लाखभर वेळा रिकाम्या पत्त्यावर टकरा मारल्या, तर होस्ट लाखभर ओळी लिहील, डिस्क भरेल, आणि शेजारची निरपराध मशीन बंद पडतील. म्हणजे नोंद ठेवणे हेच हल्ल्याचे हत्यार होईल. शिवाय साधा फर्मवेअरसुद्धा सुरू होताना उपकरणे शोधत रिकामे पत्ते चाचपतो. ती चूक नसते. अशा शेकडो निरुपद्रवी ओळींत कामाची ओळ हरवते.

यातले तथ्य मला पूर्ण मान्य आहे. बेलगाम नोंद धोक्याची असते, आणि प्रत्येक अवैध व्यवहार म्हणजे गुन्हा नव्हे. पण यावरून ‘म्हणून गप्प बसा’ हा निष्कर्ष निघत नाही. ‘म्हणून मर्यादा घाला’ हा निघतो, आणि ज्यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष हाताळला त्यांनी तोच काढला. झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेस्टमुळे उठणाऱ्या संदेशांची पातळी वेगळी ठेवता येते आणि ठरावीक पातळीच्या संदेशांवर वेगाची मर्यादा असते. होस्टवरची मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टने २०१५ मध्ये व्हीएमचे लॉग सांभाळणारी वेगळी सेवा आणली, ती याच भीतीपोटी: फाइल २ एमबी झाली की नवी सुरू, जुन्या ३ प्रती राखायच्या, त्यापलीकडचे पुसायचे. गेस्टने कितीही आरडाओरडा केला तरी डिस्कवर त्याला मिळणारी जागा ठरलेली. आणि २०२४ मध्ये क्यूएमूत अवैध मेमरी-व्यवहारांसाठी स्वतंत्र वर्ग केला गेला. कारण हेच होते: या नोंदी फार बोलक्या असल्याने गेस्टच्या इतर चुकांचे संदेश त्यांत बुडत होते. त्यावर काय केले? नोंद काढून टाकली नाही. तिला वेगळे नाव दिले, ज्याला हवी त्याने एकटीच चालू करावी अशी सोय केली.

रायपुरात मला भेटणारे आक्षेपक डिस्क भरण्याची भीती सांगतात. त्यांच्यापैकी किती जणांनी लिबव्हर्टची ती मर्यादा उघडून पाहिली आहे, असा प्रश्न मी त्यांना विचारतो. ज्या धोक्याचा बंदोबस्त दहा वर्षांपूर्वी झाला, तो आजही अडसर म्हणून पुढे करणे बरोबर नाही.

वेग कमी होईल हा आक्षेप थोडक्यात निकाली काढता येतो. रॅमचे नेहमीचे व्यवहार या वाटेने येतच नाहीत. रिकाम्या पत्त्यावरचा व्यवहार गेस्टमधून बाहेर पडून होस्टच्या सॉफ्टवेअरपर्यंत आधीच आलेला असतो. महाग काम होऊन गेलेले असते. मर्यादेत राहून एक ओळ लिहिल्याने त्यात जाणवण्यासारखी भर पडत नाही.

मूळ मताकडे येतो: गेस्टची चूक गेस्टपुरती. हे दर वेळी खरे नसते. मे २०१५ मध्ये क्राउडस्ट्राइकचे जेसन गेफनर यांनी ‘व्हेनम’ नावाचे छिद्र उघडकीला आणले. क्यूएमूच्या फ्लॉपी कंट्रोलरच्या नकलेत २००४ पासून पडून असलेली ती चूक होती. गेस्टमधून विशिष्ट आज्ञा पाठवल्या की होस्टच्या प्रक्रियेतला बफर ओलांडला जाई, आणि गेस्टमधून होस्टमध्ये शिरण्याची वाट उघडे. क्यूएमूचे ते कोड घेतलेले झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स हे सगळे त्यात सापडले. फ्लॉपी वापरणारे कुणी उरले नव्हते, कंट्रोलर मात्र शाबूत होता.

व्हेनमचा संबंध आज्ञांशी होता; पत्त्यांशी थेट संबंध असलेले उदाहरण पुढचे आहे. गेस्ट नकली उपकरणाला सांगतो, अमुक पत्त्यावर डेटा लिही. तो पत्ता रॅमचा नसतो, त्याच उपकरणाच्या नियंत्रण रजिस्टरांचा असतो. उपकरणाचे कोड लिहिता लिहिता स्वतःतच पुन्हा शिरते, आणि अर्धवट अवस्थेत मोकळी केलेली मेमरी परत वापरते. एनव्हीएमई डिस्कच्या नकलेतली सीव्हीई-२०२१-३९२९ ही चूक याच जातीची. २०२३ मध्ये क्यूएमूने असा पुनःप्रवेश अडवणारा पहारा बसवला. आणि लक्षात घ्या, तो पहारा गप्प राहून अडवत नाही. ‘पुनःप्रवेश अडवला’ असा इशारा प्रदेशाच्या नावासह आणि पत्त्यासह देतो, कुठलाही वर्ग चालू न करता देतो, आणि पूर येऊ नये म्हणून एकदाच देतो. मी जे मागतो आहे त्याचा हा तयार नमुना आहे. होस्टवर शेजारी नांदणाऱ्या वीस मशीनच्या सुरक्षेसाठी एकविसाव्याने कुठे टकरा मारल्या हे कळणे आवश्यक असते. पहारेकऱ्याने कुलूप शाबूत आहे म्हणून कुलपावरच्या ओरखड्यांची नोंद करू नये, असा आग्रह कुणी धरत असेल तर मला तो मान्य नाही.

शिवाय दर वेळी चूक गेस्टचीच असते हे गृहीतच कच्चे आहे. होस्टच्या रॅमची पट्टी बिघडली तर फटका गेस्टला बसतो. टोरोंटो विद्यापीठाच्या बिआंका श्रोडर यांनी गूगलच्या दोन संशोधकांबरोबर २००९ मध्ये गूगलच्याच सर्व्हरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलांत त्रुटी आढळल्या होत्या, पूर्वीच्या समजुतीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष रायपूरकरांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे: बाकीचे घटक हिशेबात घेतल्यावर तापमानाचा परिणाम अनपेक्षितपणे अल्प निघाला. आपल्याकडे मे महिन्यात सर्व्हर कोसळला की ‘गर्मी’ हे उत्तर तयार असते. पारा ४५ च्या आसपास असताना ते पटतेही, आणि एकदा पटले की कुणी पुढे शोधत नाही. नोंद नसेल तिथे असा अंदाजच सत्य म्हणून मिरवतो.

बिघडलेल्या रॅमबाबत क्यूएमूने आवृत्ती ५.२ पासून, म्हणजे २०२० पासून, व्यवस्थापन सॉफ्टवेअरला एक स्वतंत्र घटना कळवायला सुरुवात केली. बिघाड हायपरव्हायझरच्या, म्हणजे होस्टवर मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मेमरीत आहे की गेस्टच्या, आणि त्यावर काय केले, म्हणजे दुर्लक्ष केले, गेस्टला कळवले, मशीन वाचण्यापलीकडे गेले, की रीसेट केले, हे त्यात येते. ही चांगली रचना आहे, कारण ती आरोप करत नाही. घडले काय, कुठे, आणि पुढे काय केले, एवढेच सांगते. रिकाम्या पत्त्यांच्या बाबतीतही नोंदीचा सूर असाच हवा. फर्मवेअरने चाचपणी केली असेल तर प्रशासक ती ओळखून सोडून देईल. ओळखण्यासाठी आधी ती त्याच्या डोळ्यांसमोर यायला हवी.

दुसऱ्या वाटेबद्दल, म्हणजे मशीनच बंद पाडण्याबद्दल, इथे कुणी उघडपणे बाजू घेत नाही, पण गप्प राहण्याला पर्याय विचारला की ‘मग काय, क्रॅश करायचे?’ असा प्रतिप्रश्न येतो. क्यूएमूच्या व्हर्टिओ, म्हणजे खास व्हर्च्युअल मशीनसाठी आखलेल्या, उपकरणांत तसे बरीच वर्षे होत होते. गेस्टच्या ड्रायव्हरने वर्णनपत्रात भलता पत्ता दिला की क्यूएमू ‘बोगस डिस्क्रिप्टर’ असे म्हणून सरळ बाहेर पडे, आणि अख्खे मशीन त्याच्याबरोबर जाई. एका नेटवर्क कार्डाच्या एका रांगेतली गडबड, आणि डेटाबेसही गेला, वेबसर्व्हरही गेला. २०१६ मध्ये ही पद्धत बदलली. आता तेवढे उपकरण ‘मोडलेले’ ठरते, होस्टला त्रुटी कळवली जाते, आणि नव्या व्हर्टिओ गेस्टला ‘रीसेट हवा’ असा स्थितिबिट दिसतो. मशीन चालू राहते. होस्टला कळले, गेस्टलाही कळले, नुकसान एका उपकरणापुरते राहिले. क्रॅश आणि मौन यांच्यामध्ये जागा नाही असे म्हणणाऱ्यांनी हा बदल वाचावा.

सांगितले, पण अपुरे सांगितले, तर काय होते हेही मी पाहिले आहे. रायपूरजवळच्या सिलतरा औद्योगिक क्षेत्रातल्या एका लहान उद्योगाची हिशेबाची व्हीएम भाड्याच्या होस्टवर चालत होती. एका रात्री ती थांबली. सेवा देणाऱ्या कंपनीकडून लॉगमधली जी ओळ मिळाली तिच्यात होते: केव्हीएम रन फेल्ड, बॅड अ‍ॅड्रेस. वाईट पत्ता, पण कोणता, ते नाही. खाली रजिस्टरांची भिंत. मदतकक्षाचा सल्ला एकच, रीस्टार्ट करा. मशीन उठले, काही दिवसांनी पुन्हा तसेच थांबले, आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईंना महिनाअखेरच्या नोंदी दुसऱ्यांदा भराव्या लागल्या. दोष गेस्टचा होता, होस्टच्या रॅमचा होता की त्या मशीनला जोडलेल्या एखाद्या उपकरणाचा, हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आले नाही. तसे सांगता येण्यासारखी माहितीच कुठे लिहिलेली नव्हती.

ही उणीव त्या एका कंपनीची म्हणता येणार नाही. गेस्टचा कोणता पत्ता पोचला नाही हे कर्नलला आत ठाऊक असे, पण बाहेर फक्त त्रुटीचा क्रमांक येई. मार्च २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.८ मध्ये केव्हीएमने यासाठी वेगळी सोय केली: आता अशा अपयशाबरोबर गेस्टचा पत्ता आणि आकार वरच्या सॉफ्टवेअरला देता येतो. सगळ्याच ठिकाणी ते मिळत नाही, पण दार उघडले आहे. केव्हीएम लिनक्समध्ये येऊन तोवर सतरा वर्षे झाली होती. इतका उशीर का झाला, याचे एक कारण मला स्पष्ट दिसते: वापरणाऱ्यांनी मागितले नाही. ‘गेस्टचे गेस्ट बघेल’ असे मानणारा प्रशासक पत्ता कशाला मागेल?

गोपनीयतेचा आक्षेपही ऐकला आहे: ग्राहकाच्या मेमरीबद्दल होस्टने लिहून ठेवणे बरे नव्हे. त्याचे उत्तर नोंदीत काय लिहायचे यात आहे. पत्ता, आकार, दिशा, प्रदेशाचे नाव, गेस्टचा कोणता नकली प्रोसेसर (व्हीसीपीयू), वेळ. गेस्टने जे मूल्य लिहायचा प्रयत्न केला ते लिहू नये, कारण त्यात ग्राहकाचा डेटा असू शकतो. एवढी काळजी घेतली की ग्राहकाचे काहीही उघडे पडत नाही. उलट, ज्याचे मशीन आहे त्यालाच ही नोंद मिळत नाही हा खरा दोष आहे. आजच्या व्यवस्थेत ती होस्टच्या डिस्कवर राहते, जिथे ग्राहकाचा हात पोचत नाही. मशीन त्याचे, नुकसान त्याचे, पैसे त्याने भरलेले, आणि त्याच्या मशीनने काय केले याची ओळ मात्र दुसऱ्याच्या ताब्यात.

हे सगळे आज रायपुरातून लिहिण्याला कारण आहे. मे २०२५ मध्ये नवा रायपूरला एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. एनआयटी आणि ट्रिपल आयटीतून दर वर्षी बाहेर पडणारी मुले आतापर्यंत पुण्या-बंगळुरूला जाऊन दुसऱ्यांचे होस्ट सांभाळत होती. आता काही जण इथले सांभाळतील. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या मराठी घरांतूनही अशी मुले आहेत, आणि सुट्टीत घरी आली की त्यांच्याशी याच विषयावर बोलणे होते. नव्या जागी पहिल्या दिवसापासून कोणती सवय लागते त्यावर पुढची कित्येक वर्षे ठरतात. एकदा ‘गेस्ट एरर्स बंद ठेवा’ असे कार्यपद्धतीच्या कागदात गेले की ते काढायला कुणी धजावत नाही.

म्हणून माझे सांगणे थेट आहे. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच पाठात क्यूएमू अवैध मेमरी-व्यवहारांची नोंद चालू ठेवून द्यावे. मुलांना कोरा पडदा मिळाला तर त्याबरोबर कारणही मिळेल. होस्ट सांभाळणाऱ्यांनी लिबव्हर्टची फाइल-मर्यादा तपासावी आणि निदान चाचणीच्या मशीनवर हा वर्ग कायम चालू ठेवावा. चालू मशीनवरही क्यूएमूच्या मॉनिटरमधून तो रीस्टार्ट न करता सुरू करता येतो. आणि सरकारी असो की खासगी, क्लाउडच्या पुढच्या निविदेत एक अट घाला: आमच्या मशीनने केलेल्या अवैध मेमरी-व्यवहाराची आणि होस्टच्या मेमरीतल्या बिघाडाची नोंद, पत्त्यासह आणि वेळेसह, मागितल्यापासून एका दिवसात आम्हाला मिळाली पाहिजे. जो पुरवठादार ही अट नाकारेल, त्याला काम देऊ नका.